दोन पांढरी बटणं

आरोग्य केंद्रातल्या समुपदेशक बाईंच्या टेबलावर शर्टाची चार बटणं असायची, दोन लाल, दोन पांढरी. वरच्या साहेबांनी चकचकीत व्हिडिओ पाठवला होता, पण तो बघून आईबाप नुसत्या माना डोलवायचे आणि शेवटी विचारायचे, "म्हणजे बाळाला झालंय काय?" बटणं दाखवली की लख्ख प्रकाश पडायचा.

त्या दिवशी स्क्रीनवर दोन चौकटी होत्या. एकीत आई, मांडीवर दोन महिन्यांचं बाळ. दुसरीत परगावी कामाला असलेले वडील, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, कानात इअरफोन घालून.

"तुम्हा दोघांकडे एकेक लाल, एकेक पांढरं." बाईंनी बटणं कॅमेऱ्यासमोर धरली. "पांढरं म्हणजे सिकलसेलचं, आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं. बाळाला एक लाल, एक पांढरं मिळालंय. म्हणजे ते नुसतं वाहक आहे, आजारी नाही. छान वाढेल."

"हुश्श!" वडील हसले. "तरीच म्हटलं, लबाड एवढं बाळसं धरतंय, त्याला कसला आलाय आजार!"

"पण पुढच्या वेळी आधी आमच्याकडे या. दोघांचंही पांढरंच गेलं, तर मूल आजारी होतं."

"ते कसं ओळखायचं?" आईने विचारलं.

उत्तर तोंडपाठ होतं आणि बाईंनी ते घडाघडा म्हणून टाकलं. अहो, जरा समोरच्या चेहऱ्याकडे तरी बघायचं! "हातपाय सुजतात, हाडं ठणकतात, गारठ्यात जास्तच. डोळे पिवळट दिसतात. घरच्यांना वाटतं, शाळा चुकवायला..."

"आमची मोठी," आई म्हणाली. "सहा वर्षांची. मागच्या थंडीत तापाने गेली."

फॉर्मवर 'हयात मुलं' एवढंच विचारलेलं. कुठल्या शहाण्याने छापला होता तो, देव जाणे.

"पाय दुखतात म्हणायची, नेमकी शाळेच्या वेळेला. मी म्हटलं, नाटकं पुरे. थोबाडीत दिली मी तिच्या, मॅडम. तशीच चालवत नेली. खरंच दुखत होतं का हो?"

तपासणीशिवाय सांगता येत नाही, हे वाक्य नियमातलंच होतं. बाईंनी ते गिळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "खूप दुखत असणार."

वडिलांनी इअरफोन काढून टाकले. कॅन्टीनभर ऐकू जातंय याचंही त्यांना भान नव्हतं. "हिला काही बोलू नका. लाडावून ठेवू नकोस, असं फोनवरून मीच बजावायचो."

"दोष कुणाचाच नाही. कळायला मार्गच नव्हता," बाई म्हणाल्या. खरंच होतं ते, पण काय उपयोग!

आईने बाळाचं पाऊल मुठीत घट्ट धरलं होतं. "शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, 'आई, आता नाही दुखत हं. मी नाटक नाही करत.'"

पुढचं जोडपं कॉलसाठी ताटकळत होतं. बाईंनी त्यांना ताटकळू दिलं.