मधोमध कुणीच नाही

मगदूमांनी माझ्या इअरफोनचं स्टेज अरुंद आहे असं सांगितलं, त्या रविवारी मी घरी पोचेपर्यंत आमचं घर दोन्ही बाजूंनी वीतभर आत आलं होतं. शैलजा, माझी बायको, सोफ्याचा हात भिंतीतून ओढून काढत होती. मी दुसऱ्या टोकाला धरलं.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

"अरुंद."

"बाकी कुणी काही बोललं नाही?"

"चहा पीत होते."

सांगलीत आमचं इअरफोनवाल्यांचं मंडळ आहे. सात माणसं, दर रविवारी सकाळी दहाला मगदूमांच्या हॉलमध्ये जमतो. एकाने आपला इअरफोन आणायचा, बाकीच्यांनी तो आळीपाळीने तीन मिनिटं ऐकायचा आणि एका वाक्यात मत द्यायचं. ऐकायला एकच जुगलबंदी ठरलेली आहे. डावीकडे सतार, उजवीकडे बासरी, मधोमध तबला. डोळे मिटले की ही माणसं आपल्यापासून किती लांब आणि किती पसरून बसलीत ते कळतं. त्या पसाऱ्याला आम्ही स्टेज म्हणतो.

इअरफोन मालकाच्या हातात परत गेला की मत लागतं, आणि ते त्याच्या घराला लागतं. दातांचे डॉक्टर तांबोळी यांच्या इअरफोनला कुणीतरी 'उजळ' म्हटलं होतं, तेव्हापासून त्यांच्या घरी अंधार पडत नाही. सगळे डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपतात. खोटं मत लागत नाही, हे आम्ही करून पाहिलंय. जे कानाने ऐकलं तेच लागतं. आणि लागलेलं मत एकाच रीतीने उतरतं. ज्याने दिलं त्यानेच तो इअरफोन पुन्हा कानात घालून दुसरं मत द्यायचं; तेव्हा इअरफोन परत द्यावा लागत नाही, मालकाला ते मत ऐकू आलं की झालं.

मगदूम म्हणजे धन्यकुमार मगदूम, हळदीचे व्यापारी. नखं कायम पिवळी. मंडळ त्यांनी काढलं, आणि सहा वर्षं लोक त्यांच्या इअरफोनांच्या स्टेजची तारीफ करत आले. त्यांचा हॉल आता सत्तर फूट लांब आहे. दार या टोकाला आणि त्यांची खुर्ची त्या टोकाला. सुलोचनावहिनी चहा थर्मासमधून नेतात, नाहीतर पोचेपर्यंत गार होतो.

माझा इअरफोन मी स्वतः बनवला होता. बावीस वर्षं मी श्रवणयंत्रांच्या दुकानात लोकांच्या कानांचे साचे घेतोय. कान आतून कसा वळतो हे मला माझ्या गल्लीइतकं ठाऊक आहे. शिसवीचं कवच, आतलं सगळं हाताने जोडलेलं, दोन वर्षांचं काम. शैलजा म्हणाली होती, "निदान दोन फूट तरी मिळतील. खिडकीपाशी माझा शिलाईचा टेबल बसेल."

मगदूमांनी ऐकला. डोळे मिटून, मान तिरकी करून, पुरती तीन मिनिटं. मग म्हणाले, "अरुंद. सगळे एकाच पाटावर बसल्यागत वाटतंय."

त्यांनी प्लेअर खाली ठेवला तेव्हा मला पडदा दिसला. कोपऱ्यात 'मोनो' असं लिहिलेलं होतं. सकाळी ते जुनी नाट्यपदं ऐकत असतात. ती रेकॉर्डिंगं अशी जुनाट, की मोनो केल्याशिवाय नीट लागत नाहीत. ते बदलायचं राहून गेलं होतं. मोनोवर डावं-उजवं एक होतं. कुठलाही इअरफोन असो, सगळे एकाच पाटावर बसणार.

"साहेब, मोनो चालू राहिलंय," मी म्हणालो.

त्यांनी पडदा पाहिला, बोटाने मोनो बंद केलं आणि प्लेअर खिशात टाकला.

"पहिलं मत तेच खरं मत," ते म्हणाले. डॉ. तांबोळींनी माझा इअरफोन माझ्या हातात ठेवला.

पहिल्या दिवशी वीतभर गेलं, नंतर रोज चार बोटं. आमच्या दोन खोल्या एकामागे एक आहेत आणि दोन्ही सारख्याच आवळत होत्या. शेजारच्या बिराजदारांना तेवढीच जागा वाढून मिळाली. त्यांनी तिथे फ्रीज ठेवला आणि आम्हाला बर्फ देऊ केला. पहिल्या आठवड्यात सोफा गेला, दुसऱ्यात दिवाण. कपाटाचं दार उघडेना, तेव्हा शैलजाने कपडे दोरीवर काढले आणि दोरी लांबीच्या बाजूने बांधली. खिडकीची उभी फट झाली. शिलाईचं मशीन तिने विकलं नाही, उचलून आडवं केलं आणि त्याच्या शेजारी झोपू लागली.

"तू तासगावला भावाकडे जा," मी म्हणालो.

"मी गेले आणि तुम्ही दुकानात, म्हणजे घर रिकामं. मग?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. मंडळातल्या गोखल्यांचं घर असंच अरुंद ठरलं होतं. दुपारी दोघं बाजारात गेली, घरात कुणी नाही म्हणताना ते मिटलं. विश्रामबागेत अजून नुसती भिंत उभी आहे, तिच्यावर पाटी आणि बेल. बेल वाजते.

"चूक त्यांची," शैलजा म्हणाली. "मी का जाऊ?"

मी मगदूमांकडे तीनदा गेलो. दोन वेळा त्यांनी वहिनींकरवी झोपलोय म्हणून सांगितलं, आणि मला दारातून ते त्या टोकाला पेपर वाचताना दिसत होते. तिसऱ्यांदा मी चालत गेलो. सत्तर फूट.

"बसा की लोंढे," ते म्हणाले.

"तीन मिनिटं ऐका साहेब. मोनो बंद करून. एवढंच."

"मोनो होतं. मला ठाऊक हाय की."

मला वाटलं होतं ते नाकबूल करतील. तशी तयारी करून गेलो होतो.

"मग?"

"आज तुमच्यासाठी मत फिरवलं, तर उद्या गोखले येतील. परवा अजून कोण. मगदूमांचं मत फिरतंय म्हटल्यावर मंडळात ऱ्हातंय काय?" त्यांनी पेपरची घडी घातली. "आणि तुमचं घर तसंबी ल्हानच होतं की ओ."

त्या वाक्यापर्यंत मला नुसतं घर हवं होतं. त्या वाक्यानंतर मला मगदूम हवे होते. मी इअरफोन त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला.

"राहू द्या इथंच. कधी मनात आलं तर."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला.

परत येताना मी तीस पावलं मोजली आणि प्रत्येक पावलाला त्यांना एक शिवी दिली. शिव्या पुरल्या नाहीत, शेवटच्या दहा पुन्हा वापरल्या.

चौथ्या रविवारी मगदूम आपला नवा इअरफोन दाखवणार होते. जपानहून आलेला, काळ्या डबीतला, महिनाभर त्याच्याविषयी बोलत होते. आमच्या मंडळात एक रीत आहे. दुसऱ्याच्या कानातला मळ नको म्हणून कानात घालायची रबरी टोपी ज्याची त्याने आणायची, आणि टोपीबरोबर वायरही आपापली. कुणी चांदीची आणतं, कुणी तांब्याची, आणि दुसऱ्याच्या वायरीकडे पाहून नाक मुरडतं. त्यामुळे माझ्या वायरीविषयी मला कुणी काही विचारणार नव्हतं.

शनिवारी दुपारी मी दुकानात ती उघडली. डाव्या बाजूच्या दोन तारा सोडवल्या आणि उलट जोडल्या. बस, एवढंच. दुकानात नवं पोर ही चूक करतं तेव्हा म्हातारी गिऱ्हाइकं तक्रार घेऊन येतात की सूनबाई समोर बसून बोलते पण आवाज गल्लीतून येतो. तारा उलट झाल्या की दोन्ही कानांचं एकमेकांशी पटत नाही. आवाज डोक्यातून बाहेर पळतो, चहूकडे पसरतो, आणि जिथे कुणी बसलेलं असायला हवं तिथे भोक पडतं. डाग देऊन तारा पक्क्या केल्या. मला फार बरं वाटत होतं.

रविवारी सकाळी आमचं घर दीड फूट उरलं होतं. मी तिरका होऊन निघालो.

हॉलमध्ये सात खुर्च्या एका ओळीत मांडल्या होत्या, मगदूमांच्या खुर्चीपासून दाराच्या दिशेने. इअरफोन हातोहात फिरला. 'प्रशस्त' झालं, 'ऐसपैस' झालं. हॉल लांबणार म्हणून वहिनींनी दोन थर्मास भरून ठेवले होते. माझी पाळी शेवटची. मी माझी टोपी लावली, माझी वायर लावली, डोळे मिटले.

सतार कृष्णेपलीकडे होती. बासरी त्याहून लांब, तिच्यामागे आणखी मोकळं रान, आणि त्या रानालाही कड नव्हती. तबला कुठेच नव्हता. मी त्याला शोधलं, प्रामाणिकपणे शोधलं, कारण खोटं मत लागत नाही. मगदूमांनी मोनोवर जे ऐकलं ते खरंच अरुंद होतं. मी माझ्या वायरीतून ऐकलं तेही तितकंच खरं होतं.

"बोला लोंढे," मगदूम म्हणाले. त्यांना वाटलं होतं मी निंदा करणार. सगळ्यांनाच वाटलं होतं.

"स्टेजला शेवट नाही," मी म्हणालो.

मगदूम हसले. मोठ्या मनाने हसले, पिवळी नखं पोटावर ठेवून.

"आणि मधोमध कुणीच नाही."

डॉ. तांबोळी माझ्या वायरीकडे पाहू लागले. पण इअरफोन एव्हाना पुढे गेला होता, हातातून हातात, आणि मगदूमांनी तो घेतला.

आवाज झाला नाही. फरशी वाढत गेली, एक लादी, मग दुसरी. मधल्या खुर्च्या आमच्यासकट दाराकडे सरकल्या आणि मगदूमांची खुर्ची पलीकडच्या भिंतीबरोबर मागे गेली. आधी त्यांचा चेहरा कळत होता. मग नुसता सदरा. त्यांनी एकदा हात वर केला, थांबवा म्हणून किंवा चहा आणा म्हणून. मग त्या टोकाला एक पांढरा ठिपका राहिला आणि थोड्या वेळाने तोही आहे की नाही ते सांगता येईना. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही. महिन्यात पहिल्यांदा मी छाती भरून श्वास घेतला.

सुलोचनावहिनी थर्मास घेऊन निघाल्या. तासाभराने परत आल्या.

"मधे कुणाला जाताच येत न्हाई," त्या म्हणाल्या. "चालतंय, चालतंय, आन् दारातच येतंय."

बाकीचे चौघे चपला घालून गेले. डॉ. तांबोळी थांबले.

"लोंढे, तुमचं मत तुम्ही परत घ्या."

"इअरफोन त्यांच्या हातात आहे."

"आणि त्यांनी तुमच्याविषयी दिलेलं मत?"

मी माझी वायर गुंडाळू लागलो. हे मला सबंध आठवड्यात सुचलं नव्हतं. आवळत्या खोलीत पडून मी त्यांचा चेहरा कसा होईल एवढंच पाहत आलो होतो.

"कोण उतरवणार ते?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांनाही उत्तर ठाऊक होतं, पण ते विचारून मगच घरी गेले.

घरी शैलजा दाराकडे तोंड करून बसली होती. दुसरीकडे करता येत नव्हतं.

"उट्टं काढलंत?"

"काढलं."

"आता किती दिवस?"

मी वीत लावून पाहिलं. "पाच."

"मग त्याचा मला काय उपयोग झाला?" ती म्हणाली. रागाने नाही. मी तिला वाळलेले कपडे दोरीवरून काढून दिले.

सोमवारी सकाळी वहिनींचा फोन आला. हॉलमधून आवाज आला होता. मी धावत गेलो आणि दारात बसलो. बरोबर दहाला पहिला शब्द आला, इतका बारीक की आधी मला वाटलं माझाच कान वाजतोय.

"लोंढे."

मगदूमांचा आवाज. पुढे काही नाही. मी संध्याकाळपर्यंत बसलो. वहिनी म्हणाल्या, "लांबनं येतंय न्हवं. येळ लागतोय." मगदूमांच्या खुर्चीच्या हातावर माझा इअरफोन होता. त्यांना दुसरं करण्याजोगं काही नव्हतं. त्यांनी तो कानात घातला असणार, मोनो बंद करून. किंवा मोनो चालूच ठेवून.

मंगळवारी दहाला दुसरा शब्द आला. "स्टेज."

आज बुधवार. आज सकाळी आमच्या घरात वीतभर रुंदी उरली होती. शैलजा भिंतींच्या मधे तिरकी उभी होती, हात अंगाशी. तिने श्वास सोडला तेव्हा मी तिच्या शेजारून बाहेर निघालो, कारण ती श्वास घेईल तेव्हा दोघांना जागा नव्हती. दारातून वळून पाहिलं. ती म्हणाली, "मी कुठे जात नाही. तुम्ही ऐकून या."

दहाला दोन मिनिटं कमी आहेत, आणि तिसरा शब्द मताचा असणार. मी मगदूमांच्या हॉलच्या दारात बसलोय. समोर फरशीच फरशी, मधोमध कुणीच नाही. माझ्या बाजूला सुलोचनावहिनी कप खाली ठेवायला वाकल्या. मी हात वर केला, आणि त्या कप तसाच धरून, वाकलेल्या, थांबल्या.