तिसऱ्या शिफ्टचा रकाना

एका छपराखाली राहणाऱ्या माणसांचा दिवस एकाच वेळी उगवावा, ही गृहस्थाश्रमाची अगदी साधी अपेक्षा आहे. ज्या घरात एकाची पहाट ही दुसऱ्याची निजण्याची वेळ असते, त्या घरात प्रेम उणे असते असे नाही. पण त्या प्रेमाची आपसात गाठ पडत नाही. मग दोघांनी मनोभावे केलेले एकच कर्तव्य लेकराच्या जिवावर येऊ शकते. पिंपळे गुरवमध्ये उद्धवरावांच्या मुलाच्या घरी मे महिन्यातल्या एका मंगळवारी असेच घडले.

उद्धवराव परभणीकडच्या एका गावाहून नातीच्या सुट्टीपुरते आले होते. त्यांचा मुलगा निरंजन चाकणच्या एका कारखान्यात तपासनीस होता आणि त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलत असे. सून रुपाली त्याच पट्ट्यात, गाड्यांच्या वायरी जोडण्याच्या कंपनीत कायम पहिल्या शिफ्टला जाई. नात पिंकी नऊ वर्षांची होती. दीड वर्षापूर्वी तिच्या शरीरात इन्सुलिन तयार व्हायचे थांबले, आणि तेव्हापासून प्रत्येक खाण्याआधी एक व रात्री एक अशी इंजेक्शने त्या कोवळ्या दंडांना रोजची झाली होती.

शाळा होती तोवर घराचे घड्याळ शाळेनेच सांभाळले. सहाला उठणे, न्याहारी, मधल्या सुट्टीतला डबा, दुपारचे जेवण, सारे घंटेच्या ठोक्यावर. एप्रिल सरला, शाळा मिटली आणि ते घड्याळही मिटले. पिंकी नवाला उठू लागली, भर दुपारी मोबाइल घेऊन पडू लागली. रक्तातली साखर एके दिवशी तीनशे, तर दुसऱ्या दिवशी सत्तर. दवाखान्यातल्या प्राजक्ता सिस्टरांनी रुपालीला स्पष्टच सांगितले होते, "सुट्टी शाळेला लागलीय, पिंकीच्या अंगाला नाही. शाळेचंच टाइमटेबल घरी चालवा."

म्हणून निरंजनने फ्रिजवर एक तक्ता चिकटवला. कारखान्यात एका शिफ्टचा माणूस दुसऱ्याच्या हाती काम सोपवताना जसा लिहितो, अगदी तसा: तारीख, आणि तिच्यापुढे पहिली, दुसरी, तिसरी असे तीन रकाने. जो इंजेक्शन देईल त्याने रकान्यात आकडा लिहून सही करायची.

"मेसेज करू नका," तो म्हणाला होता. "मेसेज वर सरकतो, कुणी बघत नाही. तक्त्यावर सही, हाच हँडओव्हर."

"अन् हा तिसरा रकाना कशाला रे?" उद्धवरावांनी विचारले. "रात्री बारानंतर लेकराला कोण सुई टोचायलंय?"

"फॉरमॅट आहे, आबा. कंपनीचा दिवस सकाळी सातला सुरू होतो. त्याआधीचं सगळं आदल्या तारखेत, तिसऱ्या शिफ्टला."

उद्धवरावांना ते मनापासून आवडले. पंचांगातला वारही मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाला बदलतो. यंत्रांच्या गावीही ऋषींचा थोडासा हिशेब शिल्लक आहे, असे त्यांना वाटले.

पहिल्याच दिवशी त्यांच्या हातून एक प्रमादही घडला होता. त्यांनी गावाकडून गुळाची भेली आणली होती; उन्हातून आल्यावर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, ही त्यांची जन्माची सवय. रुपालीने ती पिशवी पाहिली मात्र, तिचा चेहरा उतरला. त्या घरात साखरेचा डबादेखील नव्हता. पिंकीला मोह नको म्हणून दीड वर्षापासून सारेच चहा अगोड पीत होते.

"मामा, हे घरात नको. तिच्या हाती लागलं तर मी काय करू?"

"टाकून देतो, बाई," उद्धवराव म्हणाले.

त्यांनी तो गूळ टाकला नाही. धोतरांच्या घडीखाली, पिशवीच्या तळाशी ठेवला. दिलेला शब्द मोडल्याचे शल्य मात्र रोज संध्येला बसताना टोचत राहिले.

त्या सोमवारी निरंजन तिसऱ्या शिफ्टला निघून गेल्यावर रुपालीने गेल्या आठवड्याचे आकडे वाचले आणि कपाळाला हात लावून बसली. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे उद्धवरावांना पाहवेनात.

"उद्यापासून मीच उठवते हिला," ती म्हणाली. "कंपनीची बस यायच्या आधी इंजेक्शन, न्याहारी, सगळं. शाळेसारखं."

आणि तिने ते केले. मंगळवारी पावणेसहाला तिने पेंगुळलेल्या पिंकीला बसते केले, सहा युनिट दिले, पोहे भरवले. बाहेर अजून सूर्य उगवायचा होता. बस सहा दहाची. जाता जाता तिने तक्त्यावर सही केली. सातच्या आधीची वेळ; कंपनीत चार वर्षे जो हिशेब तिच्या हातात मुरला होता त्याप्रमाणे तिने ती केली सोमवारच्या ओळीत, तिसऱ्या रकान्यात. पिंकी पुन्हा गादीवर कलंडली. उद्धवराव स्नान आटोपून सातला महादेवाच्या देवळात गेले.

ते साडेआठला परतले तेव्हा निरंजन कामावरून येऊन आतल्या खोलीत निजलाही होता. दाराला आतून कडी होती. त्या घरात एक नियम देवाज्ञेसारखा पाळला जाई: तिसऱ्या शिफ्टहून आलेल्या माणसाला उठवायचे नाही. दोन वर्षांपूर्वी झोप अपुरी राहून निरंजनचे बोट प्रेसखाली जाता जाता वाचले होते.

सव्वानवाच्या सुमारास पिंकी फरशीवर चित्र काढत बसली होती. तिची पेन्सिल वारंवार निसटू लागली.

"आबा, भिंत हलायली," ती आजोबांची नक्कल करत म्हणाली आणि विचित्र हसली.

"भिंत नाही हलत, माय. तू नीट बस."

"तुमच्या मिश्या पण हलायल्यात."

तिचे केस कपाळाला चिकटले होते. पंखा डोक्यावर असून मान घामाने ओली होती. उद्धवरावांनी साखर तपासण्याचे यंत्र आणले. निरंजनने चार वेळा शिकवले होते. त्यांनी तिच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. आकडा आला: त्रेचाळीस.

क्षणभर, फक्त क्षणभर, ते सुखावले. दीड वर्ष या घरात वाढलेल्या आकड्याचेच भय ऐकले होते. हा तर कमी होता. पण पिंकीने मान त्यांच्या मांडीवर टाकली आणि ती कोणत्या तरी अनोळखी बाईशी बोलल्यासारखी पुटपुटू लागली. त्यांनी तिला गादीवर आडवे केले.

ते फ्रिजपाशी गेले. मंगळवार, पहिली शिफ्ट: सहा युनिट, निरंजनची सही. मग त्यांची दृष्टी एक ओळ वर सरकली. सोमवार, तिसरी: सहा युनिट, रुपालीची सही. ती सुई देताना त्यांनी स्वतः पाहिले होते. ती सोमवारची नव्हती, आजचीच होती. निरंजनने मंगळवारची ओळ पाहिली, ती कोरी होती, आणि सदा रिकाम्या असणाऱ्या रकान्याकडे त्याने पाहिलेच नाही. सूर्योदयापूर्वीची ती वेळ उद्धवरावांच्या पंचांगानेही सोमवारचीच होती. कोणाचाच हिशेब चुकला नव्हता, आणि लेकराला दुप्पट औषध गेले होते.

त्यांनी नियमाचा विचार केला नाही. दोन्ही मुठींनी दार वाजवले.

"निरंजन. ऊठ रे. दोनदा झालं. तुझं अन् रुपालीचं, दोनदा झालं."

निरंजन अर्धवट झोपेत बाहेर आला, आकडा पाहून पांढराफटक पडला. "ग्लुकोज. आबा, ग्लुकोजची पुडी कुठंय?"

"मला काय ठाऊक, लेकरा?"

"शाळेच्या बॅगेत असती. बॅग कुठाय?"

सुट्टी लागली त्या दिवशी रुपालीने बॅग धुऊन माळ्यावर टाकली होती. निरंजन स्टुलावर चढला. रजया, जुना कूलर, पाहुण्यांच्या सतरंज्या खाली कोसळू लागल्या. बॅग सापडली, तिचा प्रत्येक कप्पा स्वच्छ आणि रिता होता. "साखर," तो वरूनच म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला आठवले की या घरात साखर नाही. "आबा, शेजारी जा. काहीही गोड आणा, काहीही."

शेजारच्या दाराला कुलूप होते. सुट्टीत अर्धी इमारत गावी गेली होती. उद्धवराव मागे वळले, आपल्या पिशवीपाशी बसले, धोतरे उपसली. गूळ हाती आला तेव्हा त्यांना वाटले, या घराने ज्याला औषध म्हटले तेच आज विष, आणि ज्याला विष म्हटले तेच औषध. मी कशावर विश्वास ठेवू?

"निरंजन, हा देऊ का? रुपालीनं नको म्हटलं होतं."

निरंजन स्टुलावरून अक्षरशः पडत उतरला. "द्या, आबा. गिळायला लावू नका. पाण्यात कालवा, गालाच्या आत लावा."

नातीची मान मांडीवर आडवी धरून उद्धवराव बोटाने गूळ लावत राहिले. तिचे दात घट्ट मिटत होते. एकदा तिने बोट चावले. त्यांना ते आशीर्वादासारखे वाटले. खाली रिक्षा थांबवून निरंजन धावत वर आला आणि तिला खांद्यावर घेऊन गेला. चपला घालायचे दोघांनाही सुचले नाही.

रुपालीचा फोन कंपनीच्या गेटवरच्या कपाटात होता. सुपरवायझरमार्फत निरोप पोचून ती दवाखान्यात आली तेव्हा एक वाजला होता. पिंकीच्या हाताला सलाइन होते आणि ती झोपली होती. डॉक्टर म्हणाले होते, आणखी अर्धा तास गेला असता तर काही सांगता आले नसते. आजची रात्र इथेच राहू द्या.

रुपाली कॉटच्या कडेला उभी राहिली. अंगावर कंपनीचा निळा कोट तसाच होता.

"मी दिलं होतं," ती म्हणाली. "सही केली होती मी."

"मीपण दिलं," निरंजन म्हणाला. "कामावरून आलो तसंच. पोहे खा म्हटलं आणि झोपलो." मग त्याने खाली पाहत सांगितले, "पिंकी म्हणाली होती, पप्पा, परत? मी म्हटलं, परत काय, रोजचंच आहे."

रुपालीने त्याच्याकडे पाहिले नाही. पुढच्या सोमवारी त्याची दुसरी शिफ्ट होती, त्यापुढे पहिली. शाळा उघडायला अजून पाच आठवडे. एवढे दिवस या लेकराला कोणाच्या घड्याळाने जगवायचे?

"मामा," काही वेळाने ती म्हणाली, "तुमच्याकडे गूळ कुठून आला?"

"टाकला नव्हता, बाई. खोटं बोललो."

तिने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि तिथेच, फरशीवर, बसून राहिली. उद्धवरावांनी खिशातून परतीचे तिकीट काढले, चार घड्या केल्या आणि तिच्या हाती दिले.

"शाळेची घंटा होईस्तोवर इथंच आहे मी," ते म्हणाले. "सुया मीच देतो. शिफ्टबिफ्ट नको. दिवस उजाडला की एक ओळ, एवढंच मला लिहाय येतं."

पिंकीने झोपेत ओठ चाटले.

त्या बाळाच्या रक्तात माधुर्य योग्य तेवढेच राहो. तिच्या मातापित्यांना एकाच प्रहरी जाग येण्याचे भाग्य लाभो. आणि त्या वृद्धाच्या हातांना शाळा उघडेपर्यंत स्थैर्य मिळो.