चोवीस चौकोनांचा क्रम

आजाराने ताईला फक्त डोळे हलवता येत. समोर पडद्यावर चोवीस चौकोन; ज्याच्यावर नजर ठेवील त्यातलं वाक्य वाजे, तिच्याच आवाजात, वाचा जाण्याआधी ध्वनिमुद्रित केलेलं. अक्षरं तिला धूसर दिसत, म्हणून कुठे काय आहे ते तिने पाठ केलं होतं.

मार्चच्या अपडेटनंतर तिने पाणी मागितलं की यंत्र म्हणू लागलं, "दार लावून घ्या."

भाऊजींचा फोन आला. "तुमच्या खात्यातलं दिसतंय, इंजिनीअरबाई."

मी इंजिनीअर नाही. चाळिशीत, लोकांच्या चुका वाचत वाचत शिकले. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. त्यात प्रोग्रॅमच्या हाती फायली देणारा एक थर असतो, त्याची डागडुजी करते. फायलींची यादी ज्या क्रमाने मिळे, तो क्रम नव्या आवृत्तीत उलटला होता आणि चौकोन त्याच क्रमाने भरत. यंत्राची कंपनी केव्हाच बुडालेली. माझं घरगुती ठिगळ ते यंत्र घेईना, अधिकृत आवृत्तीच हवी. जुनी परत चढवावी तर नजर टिपणारा कॅमेरा तासातासाला बंद पडे.

मग बसले शोधत. जुन्या-नव्या आवृत्तींत चार हजार बदल. यादी मधोमध कापायची, तेवढ्या बदलांचा कर्नल बांधायचा, तपासायचं, ज्या अर्ध्यात चूक ते पुन्हा कापायचं. बाराव्या वेळी गुन्हेगार सापडला: एक साधी, नीटनेटकी सुधारणा.

आमच्या प्रमुखाला सगळे खडूस म्हणतात. त्याने कळवलं, "हाच क्रम राहील असं आपण कधी कुणाला सांगितलं होतं?"

"नव्हतं. पण लोक त्यावर जगतायत," मी लिहिलं.

सात आठवडे भांडले. घरचे फोनसुद्धा घेतले नाहीत. शेवटी दुरुस्ती अधिकृत आवृत्तीत गेली आणि ती घेऊन मी ऐटीत ताईकडे पोचले.

ती चढवून यंत्र सुरू केलं. ताईने नजर उजवीकडे खाली नेली. "दार लावून घ्या," यंत्र म्हणालं. तिने परत पाहिलं. पुन्हा तेच.

भाऊजी खाली बसले. "अगं, नवा क्रम शिकलो आम्ही. रोज सकाळी दोन तास. परवा तिने चोवीसच्या चोवीस बरोबर म्हणून दाखवले."

"मला सांगायचं नाही का?"

"फोन कुठे घेत होतीस?"

मी हातातली पिशवीही न ठेवता मार्चची आवृत्ती परत चढवली. इतक्या कष्टाने काढलेली चूक दहा मिनिटांत जागेवर आली.

"ताई, झालं बघ. तुझं होतं तसंच केलंय."

तिने डोळे मिटून घेतले होते.

"दमली असेल," भाऊजी म्हणाले. "उद्या बोलेल."

दुसऱ्या दिवशी तिने आम्हा दोघांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. भाऊजी रोज सकाळी दोन तास पडदा तिच्यासमोर धरून बसतात. मी आता फोन पहिल्याच घंटीला घेते. ते म्हणतात, "आज नाही."