वासंतीबाईंचं बंद नेट

"आई, नेट चालू करू नकोस! आधी हात काढ!"

मनाली स्वयंपाकघरातून ओरडत धावली, तेव्हा वासंतीबाईंचं बोट मोबाईलच्या काचेला टेकायच्या बेतात होतं. त्या दचकल्या. "अगं, यांच्या फोनवर मेल सापडेना, म्हणून माझ्या फोनवर बघतेय. झालं काय एवढं?"

झालं होतं भलतंच. काशीमीऱ्याच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्या दिवसापासून पन्नाशीपुढच्या बायकांची कॅरम स्पर्धा होती, आणि वासंतीबाईंचं त्यात नाव होतं. रत्नागिरीला माहेरी असताना त्यांनी भावांना बोर्डावर पार रडकुंडीला आणलं होतं. लग्नानंतर मात्र बोर्ड कपाटामागे गेला. बाहेर यायचा तो फक्त पापड वाळत घालायला. यंदा मनालीने हट्टाने नाव नोंदवलं आणि प्रवेशाचा मेल आला. त्यात बजावलं होतं, मेल मोबाईलवरच दाखवायचा, प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालणार नाही.

घरात मेलचा पत्ता एकच, नवराबायकोत मिळून. गुणवंतराव विमा कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. वाचलेला कागद टेबलावर राहिला की त्यांना चैन पडत नसे. रोज सकाळी चहाबरोबर ते वाचलेले मेल पुसून टाकत. त्यांत हाही गेला होता, आणि ते मनालीच्या आत्ताच ध्यानात आलं होतं.

"वाचलेला दिसला, म्हणजे निपटला असं वाटलं मला," ते पुटपुटले.

"बाबा, निदान डिलीट केलेल्यांत तरी असेल ना?"

"तेही रिकामं केलं. कचरा घरात कशाला ठेवायचा?"

मनालीने कपाळावर हात मारला. स्पर्धावाल्यांकडेही कोणी फोन उचलत नव्हतं. वासंतीबाई खुर्चीत बसल्या. "लग्नानंतर पहिल्यांदा काहीतरी फक्त माझं होतं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. गुणवंतरावांना कुठे बघावं कळेना.

"थांब गं, रडू नकोस," मनाली म्हणाली. "तू मेल परवा उघडलेलास ना? आणि तेव्हापासून नेट बंद?"

"बंदच असणार. नेट म्हणजे नळ. काम झालं की बंद."

यावरून घरात त्यांची किती थट्टा झाली होती! कंजूष काय, जुनाट काय. मनालीने मात्र आता आईचा गालगुच्चाच घेतला. "मेल खरा सर्व्हरवर असतो, आई. आपले फोन त्याची नक्कल ठेवतात. बाबांनी तिथलाच पुसलाय, पण तुझ्या फोनला अजून ती बातमी पोचलेली नाहीये. नेट लावलंस की पोचेल, आणि तुझाही जाईल. आता हे विमानाचं बटण दाबते. मग आपोआप काही चालू व्हायची भीती नाही."

"जन्मात विमानात बसले नाही मी."

"आज बस!"

त्यांच्या इंद्रलोक वसाहतीतून रिक्षा निघाली. गुणवंतरावांनी तो फोन मांडीवर दोन्ही तळव्यांत धरला होता, काठोकाठ भरलेली वाटी धरावी तसा. काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकांनी रस्ता अडवला, धूळ उडाली, पण त्यांनी नाक पुसायलाही हात सोडला नाही.

हॉलच्या दारात टेबलाशी नावं तपासायला हंसाबेन बसल्या होत्या. त्यांनी फोन हातात घेतला. "अरे बेन, इसका तो नेटही बंद है! मी चालू करते ना, एक मिनिट."

"नाय! नाय!" गुणवंतराव एवढ्यांदा ओरडले की आतले खेळ थांबले. जन्मभर साहेबांपुढे खालच्या आवाजात बोललेला माणूस. "मेल आहे ना उघडलेला? तो वाचा, मॅडम. बाकी कशाला हात लावू नका. प्लीज."

हंसाबेननी हसत मेल वाचला, क्रमांक लिहून घेतला आणि तक्त्यावर नाव चढलं: वासंती गुणवंत.

पहिलाच सामना पडला गेल्या वर्षीच्या विजेत्या शालूताईंशी. शालूताई पटापट खेळत होत्या, तोंडानेही. "काकी, सवय गेलीय वाटतं?" वासंतीबाई नेम धरत राहिल्या. शेवटच्या बोर्डावर दोघींची एकेक सोंगटी उरली, आणि मधोमध राणी. राणी घेतली की लगेच आपली सोंगटी घालून तिला कव्हर द्यावं लागतं, नाहीतर ती परत बोर्डावर येते. वासंतीबाईंनी बोटांना पावडर लावली, स्ट्रायकर सरकवला. राणी गेली. मग दूरच्या कोपऱ्यातली सोंगटी, कडेला आपटून, हळूच, न घाबरता, तीही गेली.

मग मनालीने खुर्चीवर चढून शिट्टी मारली. गुणवंतरावांना टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हातात फोन होता. त्यांनी पाय आपटले.

"उद्या दुसरी फेरी," हंसाबेन म्हणाल्या. "आता मेल नको हां, नाव लिहिलंय."

बाहेर पायरीवर वासंतीबाईंनी नवऱ्याकडून फोन मागून घेतला. "चुकलंच माझं," ते हळूच म्हणाले.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "उद्या पुढच्या रांगेत बसा."

मग त्यांनी विमानाचं बटण काढलं, नेट लावलं. मेल क्षणभर तिथेच राहिला आणि दोघांच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. काचेवर उरला तो वासंतीबाईंच्या पावडर लागलेल्या बोटाचा पांढरा ठसा. गुणवंतराव सवयीने रुमाल काढून पुसायला पुढे झाले.

"राहू दे तो," वासंतीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नेट बंद केलं.