साडेसतरा इंच

साडेवीस.

जमिनीपासून ताईच्या ट्रकच्या पायरीपर्यंत साडेवीस इंच. मी तीनदा मोजलं. एकदा टेपने, एकदा पट्टीने आणि एकदा उगाच, कारण वाकून कामाला लागायचा कंटाळा आला होता.

ट्रक लहान आहे, पण तीस वर्षांचा. मेव्हणे गेल्यावर महिनाभर तो दारात नुसता उभा होता. मग एके सकाळी ताई चढली आणि घेऊन गेली. त्याला सोळा वर्षं झाली. इस्पितळांच्या चादरी धुलाई कारखान्यात न्यायच्या, धुतलेल्या परत आणायच्या. चढायची ताडताड, उतरायची उडी मारून.

गेल्या वर्षी तिचा गुडघा बदलला.

साडेसतरा.

हे ताईचं माप. तिच्या स्वयंपाकघरात घेतलं. मी जुन्या मासिकांचे गठ्ठे रचत गेलो आणि ती कशालाही न धरता एकेका थरावर चढत गेली. अठराला तिने ओटा धरला.

"धरलास."

"धरला नाही. टेकला हात."

"टेकला म्हणजे धरलाच."

"मोठा आला मास्तर. लिही साडेसतरा."

मी चौकटीवर पेन्सिलीने खूण केली. तिथे भाच्याच्या उंचीच्याही जुन्या खुणा होत्या. भाचा मागे उभा राहून सगळं बघत होता. तो म्हणाला, "मामा, तुम्ही तरी हिला समजवा. रविवारी गिऱ्हाईक येतंय ट्रक बघायला."

"रविवारच्या आत मी चढले तर?" ताईने विचारलं.

"चढलीस तर चढलीस."

"आणि उभी राहिले खालीच, तर दे विकून. मी हूं की चूं करणार नाही."

तीन इंच. ते मला काढायचे होते, आणि आज शनिवार होता.

स्टूल.

तुम्ही म्हणाल, स्टूल ठेवा. ठेवलं होतं. चढून बसलं की स्टूल खालीच राहतं. दोरी बांधून वर ओढायची युक्ती तिने केली, तर स्टुलाने आरसा फोडला. खाली जास्तीची पायरी मी स्वतः वेल्ड करून दिली. तिसऱ्या दिवशी फुटपाथच्या कडेला लागून ती वाकली.

मग कारखान्यातल्या एका हमालाने मागून काखेत हात घालून तिला वर चढवलं. चांगला माणूस. वाईट हेतू नव्हता.

"गाठोड्यासारखं, धाकट्या," ती मला म्हणाली. "चढवलं ते चढवलं, वर पाठीवर थाप मारली, गाठोडं नीट बसलं की मारतात तशी."

त्यानंतर ती कामावर गेली नाही.

साडेवीसच.

चासी जॅकवर उचलली, खाली टेकूला लोखंडी घोड्या लावल्या, पुढची चाकं काढली. आता मी आडवा, पाठीखाली पुठ्ठा. अठ्ठावन्न वर्षांच्या पाठीला पुठ्ठ्यातला प्रत्येक खडा कळतो.

पुढच्या प्रत्येक चाकामागे नऊ पाटे, एकावर एक. वाकवलेल्या लोखंडी पट्ट्याच त्या, त्यांच्यावर गाडी तरंगते. दोनतीन काढले की पुढचा भाग खाली बसतो. ओझं कमी झेपतं, पण चादरींना असं वजन ते किती? सांगायला सोपं. पाटे एकमेकांवर दाबून बसलेले असतात, मधला बोल्ट निघाला की उसळतात. म्हणून आधी त्यांना दाबून धरणारा शिकंजा आवळायचा, मग बोल्ट काढायचा. तीस वर्षांचा गंज. एक बोल्ट दीड तास.

"झालं का रे?"

"ताई, दर पाच मिनिटांनी विचारलंस तर मी इथेच झोपीन."

"झोप. तुला लहानपणीही कुठेही झोप लागायची."

एकोणीस.

दोन्हीकडचे दोन दोन पाटे काढले, चाकं लावली, खाली उतरवून मोजलं. एकोणीस.

इथे थांबता आलं असतं. "ताई, यापेक्षा खाली जात नाही," एवढं म्हणायचं. माणसांच्या बाबतीत ती माझं एक ऐकत नाही, पण गाडीच्या मापात माझा शब्द कधी मोडत नाही. ती मान हलवून घरी गेली असती. रविवारी गिऱ्हाईक आलं असतं. सोमवारी मी उशिरा उठलो असतो.

मी पुठ्ठ्यावर बसून पाणी प्यायलो. समोर ती फडक्याने आरसा पुसत होती. आरसा नवीन होता.

पुन्हा जॅक लावला.

अठराला थोडं कमी.

तिसरा पाटा निघाला तेव्हा चार वाजले होते. उरलेल्या पाट्यांना नवे बोल्ट आवळले, चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिली, टायर कुठे घासत नव्हता. पण अजूनही वर होतं.

"चालवल्याशिवाय बसत नाही गाडी," मी म्हणालो आणि एक फेरी मारून आणली. खड्डे चुकवले नाहीत. मुद्दाम एकदोन घेतलेही.

साडेसतरा.

ताईने चप्पल झटकली. पाय पायरीवर ठेवला, दार धरलं नाही, जरा थांबली, आणि चढली. वर बसून दार लावलं.

मी म्हणालो, "गाडी नाकावर चालल्यासारखी वाटेल. दिव्यांची पातळी उद्या करतो."

"गप रे," ती म्हणाली आणि गेली.

दहा मिनिटांनी परत आली. इंजिन बंद केलं. दार उघडलं. आणि बसून राहिली.

बराच वेळ.

"काय झालं?"

"उतरायचं कसं?"

आम्ही चढायचं मापलं होतं. दोघांपैकी एकालाही उतरणं सुचलं नव्हतं. सोळा वर्षं उडी मारणाऱ्या बाईला पायरी उतरायची सवयच नव्हती आणि नव्या गुडघ्यावर उडी म्हणजे परत इस्पितळ, तेही चादरीखाली.

मी हात पुढे केला.

"हात मागे," ती म्हणाली.

मी हात पाठीमागे बांधले. मला लहानपणचा पोटमाळा आठवला. चढलो होतो ऐटीत, उतरताना रडत होतो. तेव्हा ती शिडीखाली उभी राहून जे म्हणाली होती तेच मी म्हणालो, "तोंड आत कर. पोट टेकव. आधी एक पाय. खाली बघू नकोस."

"माझंच मला शिकव."

पण वळली. दांडी धरली. एक पाय पायरीवर आला. दुसरा हवेत, जमीन शोधत होता.

"किती राहिलंय?"

मी वाकून पाहिलं. चांगले चार इंच होते.

"अर्धा इंच."

तिने पाय सोडला.

धपकन आवाज झाला. ती दाराला धरून उभी राहिली, डोळे मिटून. मग उघडले.

"अर्धा इंच म्हणे. टेप बदल तुझा."

"बदलतो."

तिने दाराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली, आणि भाच्याला फोन करून म्हणाली, "त्यांना सांग, येऊ नका."

स्टूल भिंतीशी पडलेलं होतं. मी ते ओढलं आणि त्यावर बसलो.