काकूंच्या पायाखालचा पाट

मित्रांनो, मी एक जुना पाट आहे, पण माझ्यावर आजवर कुणीही जेवायला बसलेलं नाही. पाट म्हटला की तो बसण्यासाठी, असंच सगळे समजतात. माझी गोष्ट वेगळी. माझा जन्मच मुळी कुणीतरी माझ्यावर उभं राहावं म्हणून झाला. माझ्या टीचभर उंचीकडे बघून हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी गोष्ट ऐकून घ्या.

या घराच्या दाराची चौकट घडवून झाल्यावर जे सागवानी तुकडे उरले, त्यांतून मला घडवलं. म्हणजे दारातला उंबरठा हा माझा सख्खा भाऊ. तो बिचारा जन्मभर एका जागी पडून राहिला. लोक त्याला अडखळतात आणि वर त्यालाच बोल लावतात. मी मात्र स्वयंपाकघरात गेलो आणि कामाला लागलो.

मला घडवायचं कारण म्हणजे या घरची नवी सून. घरातले सगळे ताडासारखे उंच. सासूबाई तर अशा उंच, की मांडणीतल्या वरच्या फळीवरचा डबा त्या टाचा न उचलता काढत. स्वयंपाकाचा ओटा त्यांच्या मापाने बांधलेला. सून आली ती चिमणीएवढी. पहिल्याच दिवशी ती ओट्यापाशी कणीक मळायला उभी राहिली आणि तिची हनुवटी जवळजवळ परातीत गेली. सासूबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी सुताराला बोलावलं आणि म्हणाल्या, "ओटा काही आता बदलता येत नाही. हिच्या पायाखाली घालायला एक पाट करून दे."

तो पाट मी. आणि ती सून म्हणजे आमच्या चिमणकाकू. शेजारच्या मुलांनी ठेवलेलं हे नाव पुढे सगळ्यांच्याच तोंडी बसलं.

मूर्ती लहान पण कीर्ती महान, हे आम्हा दोघांनाही लागू होतं. सिंकपासून शेगडीपर्यंत काकू मला पायाच्या अंगठ्याने सरकवत न्यायच्या. त्याचा असा काही खर्रर्र आवाज व्हायचा, की बाहेर वर्तमानपत्र वाचणाऱ्या काकांना चहा शेगडीवर चढला की गाळून झाला, हे तेवढ्यावरून कळायचं. काकूंच्या नवऱ्याला सगळे काका म्हणतात. भांडी घासताना माझ्यावर पाणी सांडलं, उकळतं वरण सांडलं, एकदा अख्खी तेलाची बरणी फुटली. माझा एकही खिळा कधी ढिला झाला नाही. काकूंना मी कधी डगमगू दिलं नाही. हे सांगताना माझी छाती फुगते, आणि का फुगू नये?

पण वर्षं गेली तसे काकूंचे गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, चढउतार बंद करा. घरच्यांनी लगेच काळजी घेतली. गच्चीवर कपडे वाळत घालायला काका जाऊ लागले, माळ्यावरचं सामान खाली आलं. पण घरातला सगळ्यात जास्त वापरातला जिना कुणाच्या लक्षातच आला नाही. तो जिना म्हणजे मी. एकाच पायरीचा, पण काकू तो दिवसातून इतक्यांदा चढत आणि उतरत, की डोंगर झाला असता.

अशातच सिंकमागचा पाइप गळायला लागला. भिंतीला ओल आली, ओट्याखालची कपाटं फुगली, दारं लागेनात. स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं. काकूंच्या लेकीने पुढाकार घेतला. ती गावातच राहते, हौशी आहे आणि तिला सगळं कसं आखीव लागतं. तिने विचारलं, "आई, तुला नव्या स्वयंपाकघरात काय काय हवं?"

काका म्हणाले, "तिला काय विचारतेस? चिमणी लावायची, ट्रॉल्या करायच्या, मस्त चकचकीत टाइल्स."

काकू ओला हात पदराला पुसत म्हणाल्या, "मला बाकी काही नको. एकदा जमिनीवर पाय ठेवून स्वयंपाक करायचाय."

एवढंच त्यांचं मागणं. मी ते पायाखालून ऐकलं आणि मला बरं वाटलं नाही, हे कबूल करतो. ओटा खाली आला की माझं काम संपलं. पण त्यांच्या गुडघ्यांची कुरकुर मला सगळ्यांत आधी कळायची. त्यामुळे मी मनाची समजूत घातली.

मग आखणी सुरू झाली. लेकीने बैठकीच्या खोलीत फरशीवर खडूने नवं स्वयंपाकघर काढलं. इथे शेगडी, इथे सिंक, इथे फ्रिज. काकूंनी त्या रेघांमधून फिरून खोटा खोटा स्वयंपाक करून बघायचा आणि कुठे अडतंय ते सांगायचं. सगळे गंभीरपणे त्या रेघांमधून फिरत होते. काकांनी सवयीने खुर्ची ओढली आणि पेपर उघडला.

"अहो, उठा," काकू ओरडल्या. "फ्रिजमध्ये बसलाय तुम्ही!"

"थंड वाटतंय खरं," काका म्हणाले आणि खुर्ची सरकवून बसले. तर ते सिंकमध्ये.

सगळं ठरलं. फक्त ओट्याची उंची राहिली, कारण ती काही खडूने काढता येत नाही. त्यासाठी मिस्त्री आले. ते नावाजलेले कारागीर होते. त्यांची पद्धत अशी, की ओट्याची उंची पुस्तकातल्या मापाने धरायची नाही. जी बाई तिथे राबणार तिच्या कोपराचं माप घ्यायचं आणि त्याच्या थोडं खाली ओटा आणायचा. पद्धत अगदी योग्य, कुणीही नावं ठेवणार नाही.

मिस्त्री म्हणाले, "काकू, रोज कामाला उभ्या राहता ना, तशाच उभ्या राहा. अवघडू नका. हात कोपरात वाकवा."

काकू रोज उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या. अंगठ्याने मला ओढलं, चढल्या, आणि गाऊनचा घोळ माझ्यावर पसरला. मी पार झाकला गेलो. मिस्त्रींनी टेपचं टोक फरशीवर बुटाने दाबलं, टेप वर कोपरापर्यंत नेली आणि मान डोलावली. "काकू, लोक म्हणतात तेवढ्या काही तुम्ही बुटक्या नाही हं!"

काकूंचा चेहरा असा खुलला! संध्याकाळपर्यंत त्यांनी ते वाक्य काकांना ऐकवलं, लेकीला फोनवर ऐकवलं, शेजारणीला जिन्यात गाठून ऐकवलं. "बघा, मिस्त्री काय म्हणाले. माप घेऊन म्हणाले." मीही फुगलो होतो. इतकी वर्षं पायाखाली राहून मी त्यांच्या उंचीतच जमा झालो होतो, आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही आणि माझ्याही नाही.

तोडफोड सुरू झाली तेव्हा मला बाल्कनीत टाकलं. जुना ओटा घणाखाली फुटत होता आणि इकडे माझ्यावर सिमेंटचं घमेलं ठेवलेलं. घरात धुळीचा थर, डबे पलंगाखाली, शेगडी झोपायच्या खोलीतल्या टेबलावर. त्या धांदलीत एक दिवस लेकीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आई, याचं काय करायचं?" आणि काकू म्हणाल्या, "आता काय उपयोग त्याचा? देऊन टाक कुणाला तरी." गरज सरो, वैद्य मरो, असं माझ्या मनात आलं. मला फार लागलं, मित्रांनो. पण मला न्यायला कुणी आलं नाही, म्हणून मी तिथेच राहिलो.

अखेर स्वयंपाकघर तयार झालं. काळाभोर गुळगुळीत दगड, पांढऱ्या टाइल्स, हात लावताच आपोआप मिटणारे खण. पहिला चहा काकूंनी करायचा असं ठरलं. बाल्कनीचं दार उघडं होतं, त्यामुळे मला आतलं सगळं दिसत होतं. काकू नव्या फरशीवर अनवाणी चालत गेल्या, ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी पातेलं ठेवायला हात उचलले. कोपरं थेट खांद्यांशी गेली. ओटा त्यांच्या छातीशी आला होता.

एकदम सगळेच बोलायला लागले.

"मिस्त्री, हे काय?" लेकीचा आवाज चढला.

मिस्त्रींनी टेप लावली. "ताई, माप बरोब्बर आहे. काकूंचं मी स्वतः घेतलंय."

"वय झालं की माणूस आक्रसतं," काका म्हणाले. "तीच खचली असेल."

"महिन्याभरात टीचभर?" काकूंचे डोळे भरून आले होते. "मी काय साबण आहे झिजायला?"

आणि तेव्हा मी एक गोष्ट पाहिली. काकूंच्या उजव्या पायाचा अंगठा फरशीवर काहीतरी चाचपत होता. पुढे जाई, बाजूला जाई, हाती काही लागत नव्हतं. तो मला शोधत होता. काकूंनीही खाली पाहिलं. अंगठ्याची ती धडपड बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी पाटावर उभी होते!"

मिस्त्रींनी जीभ चावली. काका मात्र खूश झाले. त्यांना उत्तर सापडलं होतं. ते लगबगीने बाल्कनीत आले, मला उचललं, आपल्या शर्टाने माझ्यावरचं सिमेंट झटकलं आणि ओट्यासमोर अलगद ठेवलं. "झालं! एवढं रडायचं काय त्यात? चढ."

एवढ्या मानाने मला कुणी कधी आणलं नव्हतं. नवी फरशी, नवा ओटा, आणि त्यापुढे मी. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्या चढल्या नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या. "ओटा खाली घ्या."

"काकू, बसवलेला दगड आहे," मिस्त्री हळूच म्हणाले. "उचलताना तडकू शकतो."

"तडकू दे. तडकलेल्या ओट्यावर रांधीन. पण चढून नाही."

"अगं, पण इतकी वर्षं..." काकांनी सुरुवात केली.

"इतकी वर्षं चढले म्हणूनच म्हणते. या घरात आल्यापासून मी काय मागितलं? आठवून सांगा एक गोष्ट. मी थांबते."

काकांनी खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते शर्टाच्या बाह्या दुमडायला लागले आणि मिस्त्रींना म्हणाले, "सांगा, मी कुठून धरू?"

दुसऱ्या दिवशी काका, मिस्त्री आणि त्यांची माणसं मिळून तो दगड उचलायला जमले. लेक डोळे मिटून उभी होती. दगड सुटला, कण्हल्यासारखा आवाज झाला आणि एका कोपऱ्याचा टवका उडाला. तेवढंच. दगड शाबूत राहिला. आता ओट्याखालचे उभे आधार कापायचे. किती कापायचे? मिस्त्रींनी टेप खिशातून काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत खिशात ठेवली. त्यांनी मला उचललं, आधाराच्या वरच्या टोकाला टेकवून धरलं आणि माझ्या कडेने पेन्सिलची रेघ ओढली. "जेवढा पाट, तेवढंच जाऊ दे," ते म्हणाले.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्याएवढा मोठा त्या घरात कुणीच नव्हता. ज्याला टाकून देणार होते, तोच माप ठरला होता.

सगळंच काही सुरळीत झालं नाही. ओटा खाली आल्यामुळे लेकीचा लाडका, चमचे ठेवायचा सर्वांत वरचा खण काढून टाकावा लागला. सिंकचा पाइप पुन्हा कापला. ओटा उतरला त्या जागी भिंतीवर उघडा पट्टा राहिला आणि पांढऱ्या टाइल्स संपलेल्या, म्हणून न्हाणीघरातल्या उरलेल्या निळ्या टाइल्स तिथे लावल्या. आता पाहुणे येतात, त्या निळ्या पट्ट्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "वा, काय डिझाइन आहे!" तो पट्टा बरोबर माझ्या उंचीचा आहे. मी ऐकतो आणि गप्प बसतो. आपलं कौतुक आपणच कशाला सांगायचं? तुम्हाला सांगितलं ते वेगळं.

काकूंनी जमिनीवर उभं राहून पहिला चहा केला तेव्हा काका दारात उभे होते. काकू शेगडीपासून सिंकपर्यंत गेल्या, परत आल्या, उगाचच पुन्हा गेल्या. कसलाही आवाज झाला नाही. "चहा झाला हे मला कळणार कसं आता?" काका म्हणाले. "इथे येऊन बघायचं," काकू म्हणाल्या.

आणि ते येतात. आता संध्याकाळची भांडी काकाच घासतात. पहिल्याच आठवड्यात कमरेवर हात ठेवून ते म्हणाले, "अगं, हा ओटा फारच खाली झालाय. वाकून वाकून पाठ गेली माझी."

"हो का?" काकू म्हणाल्या. "मग तुमच्यासाठी फरशीत खड्डा खणू या का?"

मला विचाराल तर मी आता टेबलाखाली असतो. घरातल्या खुर्च्या अजून उंच माणसांच्याच आहेत. काकू चहा घ्यायला बसल्या की त्यांचे पाय लोंबकळतात, म्हणून त्या ते माझ्यावर टेकवतात. म्हणजे त्यांचे पाय आजही माझ्यावरच आहेत. फरक एवढाच, की आता त्या बसलेल्या असतात. पाट बसण्यासाठीच असतो म्हणणाऱ्यांचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं ठरलं, असं समजा.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, टाकून देऊ नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो, कारण त्यात माझा स्वार्थ आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की तुमच्याही घरात कुणीतरी रोज कशावर तरी चढून तुमच्या उंचीला पुरत असेल. ते माणूस कुरकुर करणार नाही. त्याला सवय झालेली असते, आणि तुम्हालाही. त्याच्यासाठी कधी काही करायला निघालात, तर आधी त्याच्या पायाखाली बघा. त्याला हात धरून खाली उतरवा, जमिनीवर नीट उभं राहू द्या आणि मगच टेप लावा.