ओट्याचा वास

वत्सलाबाईंचं नाक सोसायटीत प्रसिद्ध होतं. तिसऱ्या मजल्यावर कुणाचं दूध करपलं, तर पहिल्या मजल्यावर त्या नाक मुरडायच्या. अशा बाईच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात वास सुटावा, आणि तोही असा की ओट्यापाशी उभं राहिलं तरी उमासा यावा!

ओटा पांढऱ्या संगमरवराचा होता. इंदिरानगरातला हा फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं, काळा ग्रॅनाइट घाला, त्यावर हळद-तेल दिसत नाही. "दिसत नाही म्हणूनच नको," वत्सलाबाई म्हणाल्या होत्या. घाण दिसली पाहिजे, तर ती निघते. आणि त्या काढायच्या. जेवणं आटोपली की पदर खोचून ओटाभर लिंबाची सालं घासायच्या, वरून सोडा भुरभुरायच्या आणि मग तांब्यामागून तांब्या गरम पाणी ओतायच्या. नुसत्या ओल्या फडक्यानं ओटा पुसणाऱ्या बायकांची त्यांना किळस यायची. पुसून घाण जाते होय? नुसती पसरते, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला ऐकवायच्या.

दिवाळी सरली आणि वास सुरू झाला. गळ्यात माळ असलेल्या वत्सलाबाईंनी जन्मात मासळी शिजवली नव्हती, पण वास सुकटीचाच, हे त्यांनी एका सकाळीत ठरवून टाकलं. कारण सून देवळाली कॅम्पची. योगिनीचे वडील तोफखान्यातून निवृत्त झालेले, आणि त्यांच्याकडे रविवारी काय शिजतं ते लग्नाच्या बोलणीतच कळलं होतं. "या घरात मी तसलं काही आणणार नाही," असं योगिनीनं तेव्हाच आपणहून सांगितलं होतं. तिनं शब्द दिला होता खरा, पण वत्सलाबाईंचा विश्वास शब्दापेक्षा नाकावर जास्त.

त्या पाळतीवर राहिल्या. योगिनीचा रिकामा डबा हुंगला, तिची पर्स हुंगली. एकदा तर दुपारी ती झोपली असताना तिची ओढणी उचलून नाकाला लावली. सासूनं सुनेची ओढणी हुंगायची, शोभतं का? पण किळस एकदा डोक्यात शिरली की माणसाला लाज उरत नाही. ओढणीला खोबरेल तेलाचा वास होता. वत्सलाबाईंना तोही लबाडीचाच वाटला. वास हटेना म्हणून त्यांनी लिंबं वाढवली, पाणी वाढवलं. वासही वाढला.

मग चंपाषष्ठी आली. त्या दिवशी घरात खंडोबाला भरीत-रोडग्यांचा नैवेद्य असतो. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी पुन्हा घरात येतं. लग्नानंतरचा योगिनीचा हा पहिलाच नैवेद्य. ती सकाळीच न्हाऊन, केस घट्ट बांधून गॅसवर वांगी भाजत होती. तेवढ्यात शेजारच्या कमळाबाई कांद्याची पात घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या.

"काही मेलंय का हो आत?" त्यांनी विचारलं.

झालं! वत्सलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हात काढ ओट्यावरनं," त्या सुनेवर कडाडल्या. "देवाचा नैवेद्य आहे. तुझ्या हातानं बाटवायचा नाही मला."

"आई, मी काय केलं?"

"मला विचारतेस? कमळाबाई, मी घराबाहेर पडले की ही इथं माहेरची सुकट शिजवते. घाणेरडी सवय, ती काय लग्न करून सुटणार!"

कमळाबाईंनी योगिनीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. योगिनीनं गॅस बंद केला, अर्धकच्चं वांगं ताटलीत काढून ठेवलं आणि दुपारच्या बसनं देवळालीला निघून गेली. मुलगा अमित अंबडची कंपनी सुटल्यावर घरी आला, तेव्हा आई ओट्यावर पाणी ओतत होती.

तो आधी बायकोशी फोनवर बोलला, मग आईशी. "ती या घरात पाऊल ठेवणार नाही म्हणते. तिचं चुकलेलं नसेल, तर मीही तिकडंच खोली बघणार, आई."

"जा. सुकट खा," वत्सलाबाई म्हणाल्या खऱ्या, पण रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. एकुलता एक मुलगा होता.

सून गेली, पण वास जाईना. उलट आता तो बाहेरच्या खोलीपर्यंत यायला लागला. तरी वत्सलाबाई हटल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी अमितला ओट्याखालच्या ट्रॉल्या काढायला लावल्या. "मागं कुठंतरी पुडी लपवून ठेवली असेल तिनं. तूच बघ, म्हणजे तुझी खात्री पटेल."

अमितनं शेवटची ट्रॉली ओढून काढली, आत बॅटरी मारली आणि तोंड फिरवलं. वत्सलाबाई वाकल्या. पुडी नव्हतीच. भिंतीला लागून, कडप्प्याच्या फळीवर पिवळट-काळा, बुळबुळीत चिखल साचला होता. त्यात नासलेलं दूध होतं, वरण होतं, कणीक होती, आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

अमितनं तांब्या भरला आणि ओट्यावर ओतला. बरंचसं पाणी सिंककडे गेलंच नाही. ते भिंतीशी गेलं, फटीत शिरलं आणि खाली त्या चिखलावर ठिबकायला लागलं.

"हात फिरवून बघ, दगड कसा खरखरीत झालाय," तो म्हणाला. "संगमरवराला आंबट चालत नाही, आई. तुझ्या लिंबानं दगडाचं पॉलिश खाल्लं, सांध्यातलं सिमेंट खाल्लं. आणि रोजचं खरकटं तू धुऊन धुऊन आत लोटलंस."

वत्सलाबाई बेसिनवर जाऊन ओकल्या. मग परत आल्या आणि तो सगळा चिखल त्यांनी स्वतः खरवडून काढला, अमितला हात लावू दिला नाही. संध्याकाळी त्यांनी सुनेला फोन लावला.

"योगिनी, वासाचं मूळ सापडलं. ये आता घरी."

"कशाचा होता, आई?"

उंदीर मेला होता, हे उत्तर त्यांनी जुळवून ठेवलं होतं. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत योगिनीच पुढं बोलली.

"मला वाटायला लागलं होतं, खरंच माझ्याच अंगाला येतो. इथं येऊनसुद्धा मी सारखी आंघोळ करते. मम्मीला म्हणते, मला हुंगून बघ."

त्या अळ्यांमध्ये हात घालताना आली नव्हती एवढी शिसारी वत्सलाबाईंना आता आली, आणि ती स्वतःची होती.

"ओट्याखाली माझंच पाणी सडत होतं," त्या म्हणाल्या. "तुझं काही नव्हतं गं. माझंच होतं सगळं."



"कमळाकाकूंना सांगितलंत हे?"

"त्यांना कशाला आता..."

"त्यांच्यासमोर बोलला होतात तुम्ही. आधी त्यांना सांगा. मग मी यायचं की नाही ते बघते."

फोन बंद झाला. वत्सलाबाई होत्या तशाच, मळक्या लुगड्यानिशी, शेजारी गेल्या आणि बेल दाबली. कमळाबाईंनी दार उघडलं, त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चटकन पदर नाकाला लावला.

"वास माझाच आहे, कमळाबाई," वत्सलाबाई म्हणाल्या. "त्या दिवशीचाही माझाच होता."